दुकान उघडण्यापूर्वीचा पाऊण तास

बार्शीच्या बाजारपेठेतील आमच्या भुसार आडतीच्या दुकानाचे कुलूप गेली पस्तीस-छत्तीस वर्षे मी उघडत आलो आहे. पूर्वी घरून निघायचे, कुलूप काढायचे, गादीवर बसायचे आणि रोजमेळ पुढे ओढायचा, असा क्रम होता. गेल्या नऊ वर्षांत त्यात एक बदल झाला आहे. आता मी घरातून पाऊण तास आधी निघतो. गोदामामागच्या पडीक जागेत, ओढ्याच्या कडेला किंवा बाजार समितीच्या आवारात हिंडतो आणि डोळ्यांना जे भावेल ते कॅमेऱ्यात टिपतो. मी छायाचित्रकार नाही. माझ्या छायाचित्रांना पारितोषिक मिळालेले नाही, ती विकण्याचा विचारही कधी केला नाही. तरीही या पाऊण तासाने मला जे दिले, ते आपल्या व्यापारी कुटुंबांतील वाचकांपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते. या छंदात माझ्या हातून घडलेली एक मोठी चूकही त्यात आलीच. ती वगळून केलेला हिशेब खोटा ठरेल.

या छंदाची सुरुवात माझ्यापासून झाली नाही. वडील गेल्यानंतर त्यांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा जुने दस्तऐवज आणि मोडीतील काही पत्रे यांच्याखाली कापडात गुंडाळलेला एक आगफा क्लिक थ्री कॅमेरा मिळाला. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत हा साधा, पेटीवजा कॅमेरा पुष्कळ दिसे. एका रोलमध्ये बारा चौकोनी छायाचित्रे निघत. कॅमेऱ्याशेजारी खतावणीसारखी लाल बांधणीची एक वही होती. पहिल्या रकान्यात तिथी, दुसऱ्यात रोलचा व छायाचित्राचा अनुक्रमांक, तिसऱ्यात स्थळ आणि चौथ्यात वर्णन. चौदा रोल, म्हणजे एकशे अडुसष्ट नोंदी. त्यांत लग्नसमारंभ जवळजवळ नव्हतेच. ‘पोत्यावर झोपलेला हमाल’, ‘गोदामाच्या भिंतीवरील मुंग्यांची रांग’, ‘पावसानंतरचा ओढा’, ‘गाडी स्टेशनात शिरताना’ अशा त्या नोंदी होत्या. शेवटच्या नोंदीखाली एक आडवी रेघ आणि दोनच शब्द होते: ‘यापुढे नाही.’

वडिलांनी असे का लिहिले, हे मला ठाऊक नव्हते. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या मामांच्या ओळखीतला एक मुलगा रसायनशास्त्र शिकत होता. त्याने सांगितलं, की या फिल्मला जो थर असतो तो जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून करतात. तुझे बाबा त्या रात्री काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॅमेरा पुसला आणि पेटीत ठेवला. दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी मना केलं नाही. स्वतःपुरता नेम केला.”

त्या मुलाने सांगितले ते खरेच होते. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर त्याचा थर देण्याची पद्धत मांडली आणि छायाचित्रण सोपे झाले. त्यापूर्वी काच ओली असतानाच छायाचित्र घेऊन लगेच धुवावी लागे. जिलेटिनच्या कोरड्या काचा मात्र आधीच तयार करून ठेवता येऊ लागल्या. पुढे फिल्म आली, छपाईचा कागद आला, पण जिलेटिन कायम राहिले. कॅप्सूलच्या आवरणात असते तेच हे जिलेटिन. कोडॅक कंपनीतील सॅम्युएल शेपर्ड या संशोधकाला १९२०च्या दशकात असे आढळले, की जिलेटिनमधील गंधकयुक्त अंशामुळे फिल्म प्रकाशाला अधिक संवेदनशील होते, आणि हा अंश जनावरांनी चाऱ्यात खाल्लेल्या मोहरीच्या कुळातील वनस्पतींतून येतो. मोहरीची पोती उचलण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माझ्या वडिलांना ही गोष्ट कळली असती तर काय वाटले असते, हा विचार मनात येऊन जातो.

आज डिजिटल कॅमेऱ्यात वा मोबाइलमध्ये फिल्मच नसते. भिंगातून आलेला प्रकाश विद्युत्-संवेदकावर पडतो आणि त्याचे अंकांत रूपांतर होते. वडिलांनी ज्या कारणासाठी कॅमेरा ठेवला, ते कारण उरले नव्हते. आईची अनुमती घेऊन मी एक मध्यम किमतीचा कॅमेरा आणि जवळच्या वस्तू टिपण्याचे भिंग घेतले, आणि वडिलांच्या वहीतील रेघेखाली पान सोडून नवी नोंद लिहिली.

हौशींची परंपरा

व्यवसाय सांभाळून छायाचित्रण करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. ते पेशाने वैद्यक करीत आणि आवडीने छायाचित्रे घेत. विख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाल यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रण हा तेव्हा त्यांचा छंद होता. पुढे हाच छंद त्यांना हैदराबादच्या निजामाच्या दरबारापर्यंत घेऊन गेला आणि ‘राजा’ ही पदवी त्यांना तेथेच मिळाली.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांची एक गोष्ट मला विशेष प्रिय आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि त्यापुढे कॅमेरा मांडला. महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाची मिनिटभराची चित्रफीत तयार केली. ती पाहून काहींनी त्यांना कर्ज देऊ केले. भारतीय चित्रपटाला पहिले भांडवल मिळवून देण्यात एका वाटाण्याच्या अंकुराचा वाटा होता. ज्यांच्या घरी मोड आलेल्या कडधान्याविषयी विचार होतो, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको या गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ साली हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. प्रत्येक कण क्षणात वितळणारा होता. शेतीचे काम सांभाळून, कोणी सांगितले नसताना, आयुष्यभर तो हेच करीत राहिला. दुकान सांभाळून काही करण्यास वेळ मिळत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा मला बेंटली आठवतो.

मुंगीच्या उंचीवरून

या पाऊण तासात काय दिसते, असे मित्र विचारतात. बार्शी हा कमी पावसाचा प्रदेश. येथे घनदाट जंगल नाही, धबधबे नाहीत. परंतु मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडला, की गोदामामागच्या काळ्या मातीत लाल मखमलीचा मृगकिडा दिसू लागतो. त्याला आपण किडा म्हणतो खरे, पण त्याला आठ पाय असतात आणि नाते कोळ्याशी असते, हे छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर मला प्रथम कळले. रुईच्या झाडावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी असते आणि काही दिवसांनी तिचेच केशरी फुलपाखरू होते. दुकानाच्या शटरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी तोंडाने चिखलाचे गोळे आणून इवलेसे मडके घडवते. ही सारी मंडळी मी दुकानात बसू लागलो त्याआधीपासून येथे होती. माझ्या नजरेस ती पडली नव्हती, इतकेच.

ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला. ऊन तिरपे व मऊ असते, त्यामुळे मातीचा खडबडीतपणा, पानावरची लव आणि दवाचे थेंब स्पष्ट उठून दिसतात. कीटकांच्या अंगात स्वतःची ऊब नसते, म्हणून पहाटेच्या गारव्यात चतुर आणि फुलपाखरे बराच वेळ स्थिर बसतात. दुपारी त्यांच्यामागे धावून जे साधत नाही, ते सकाळी उभ्या जागी साधते.

दुसरे असे, की उभे राहून वरून छायाचित्र घेऊ नये. ज्या जीवाचे छायाचित्र घ्यावयाचे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आपण यावे. मुंगीसाठी जमिनीवर आडवे व्हावे लागते. पहिल्यांदा मी असा आडवा झालो, तेव्हा शेजारच्या आडत्यांनी मला चक्कर आली असे समजून पाणी आणले होते. तिसरे, अगदी जवळून छायाचित्र घेताना स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरचाच असतो. श्वासानेही तो हलतो. म्हणून डोळा स्पष्ट येईल असे पाहावे आणि श्वास सोडून झाल्यावर कळ दाबावी. चौथे, महाग कॅमेऱ्याची वाट पाहू नये. मोबाइलला लावावयाचे छोटे भिंग अल्प किमतीत मिळते आणि शिकण्यास तेवढे पुरते.

सुतळीची गाठ

आता त्या चुकीविषयी.

चार वर्षांपूर्वीची चैत्रातील गोष्ट आहे. गोदामाच्या कुंपणाला मेंदीची दाट रांग आहे. तीत एका बुलबुलाच्या जोडीने घरटे केले होते. तीन पिल्ले होती. डोळे नुकते उघडलेले आणि आईची चाहूल लागताच वर उघडणाऱ्या तीन लालसर चोची. इतके सुंदर दृश्य मी तोवर टिपले नव्हते. अडचण एवढीच होती, की दोन फांद्या आड येत होत्या आणि आत अंधार होता. फांद्या तोडण्याचा विचार मी केला नाही, याचे मला तेव्हा समाधानही वाटले. पोती शिवण्याच्या सुतळीचा तुकडा घेऊन मी त्या दोन फांद्या बाजूला ओढून बांधल्या. आत ऊन आले. चाळीसेक छायाचित्रे घेतली. तेवढ्यात हमाल गाडी लागल्याचे सांगू लागला आणि मी तसाच दुकानाकडे गेलो. सुतळी सोडावयाची राहून गेली.

त्या दिवशी ते छायाचित्र मी नातेवाइकांना पाठविले. साऱ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर घरटे रिकामे होते. कुंपणाजवळच्या तारेवर कावळा बसला होता. बुलबुलाची जोडी दोन दिवस त्या मेंदीभोवती घिरट्या घालीत होती. सुतळीची गाठ मी मारली तशीच होती.

घरी येऊन आईला सांगितले. तिने मला रागे भरले नाही. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “अरे, तिने दार लावून घेतलं होतं. तू ते उघडं टाकून आलास.”

घरट्यावरची पाने आडोसा असतात, हे मला कळावयास हवे होते. ऊन, पाऊस आणि शिकारी नजर या तिन्हींपासून तीच पिल्लांना राखतात. आज अनेक निसर्ग-छायाचित्रण स्पर्धांत घरट्यांची छायाचित्रे स्वीकारीत नाहीत, त्याचे कारण हेच आहे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली पाहून चालण्याची शिकवण लहानपणापासून मिळालेला मी, डोळ्यांना कॅमेरा लावताच ती विसरलो. वडिलांनी फिल्ममधील हिंसा कोणी दाखवताच ओळखली आणि रेघ मारली. माझ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती, म्हणून मी स्वतःला निर्दोष समजत होतो. उपकरण निर्दोष झाले म्हणून ते धरणारा हात आपोआप निर्दोष होत नाही.

तीन महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. वडिलांप्रमाणे आपणही रेघ मारावी, असे मनात घोळत होते. एके दिवशी आईच म्हणाली, “आता काही दाखवत नाहीस ते?” पंचाऐंशी वर्षांच्या आईला जिना उतरता येत नाही. मी दाखवलेल्या छायाचित्रांतूनच तिला ओढा, रुई आणि बाजार दिसत होता, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी मनातील विचार बोलून दाखविला. ती म्हणाली, “त्यांनी सोडलं ते बरोबर केलं. दुसरा मार्ग नव्हता. तुला आहे. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, एवढा नेम कर आणि जा.”

तो नेम मी वहीत लिहिला आणि अनुभवाने त्यात भर पडत गेली. कोणत्याही जीवाला स्पर्श करावयाचा नाही, जागेवरून हलवावयाचे नाही. फांदी वाकवावयाची नाही. घरटे दिसले तर मागे फिरावयाचे आणि ते कोठे आहे हे कोणासही सांगावयाचे नाही. रात्री छायाचित्रे घ्यावयाची नाहीत. आणि पाय टाकण्यापूर्वी जमीन पाहावयाची. चांगल्या छायाचित्राच्या मोहाने लोक कीटकांना शीतकपाटात ठेवून सुस्त करतात किंवा दव भासावे म्हणून त्यांच्या अंगावर पाणी फवारतात. आपल्या मुलांना हा छंद लागला, तर हे प्रकार आधीच समजावून सांगावेत.

ही काळजी केवळ बारक्या जीवांपुरती नाही. साताऱ्याजवळील कास पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे तेरडा, सोनकी, सीतेची आसवे फुलतात. ही फुले इतकी लहान असतात, की एक छायाचित्र घेण्यासाठी मांडी घालून बसलेला मनुष्य शेकडो रोपे चिरडतो. भंडारदरा परिसरात पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली साद असते. तेथे विजेरी किंवा फ्लॅश लावणे म्हणजे दोघांच्या संभाषणात आरडाओरडा करण्यासारखे आहे. सहकुटुंब सहलीला जाणाऱ्यांनी वाटेवरूनच पाहावे आणि काही छायाचित्रे न घेताच परतावे.

रोजचे म्हणून जे राहून जाते

वडिलांच्या एकशे अडुसष्ट नोंदींपैकी ‘गाडी स्टेशनात शिरताना’ या छायाचित्रापाशी मी अनेकदा थांबतो. ती बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरील छोटी गाडी आहे. १८९७ साली ती सुरू झाली आणि कित्येक पिढ्यांचा माल व माणसे तिने वाहून नेली. वडिलांच्या काळी तिचे छायाचित्र घ्यावे असे कोणास वाटत नसे, कारण ती रोजच येत होती. आज तेथे रुंद रूळ आहेत आणि ती गाडी आमच्या घरात केवळ त्या एका चौकोनात उरली आहे. जे रोज दिसते, ते उद्याही असेल असे आपण गृहीत धरतो.

म्हणून आता मी बाजारही टिपतो: तराजूचा जुना काटा, मुनीमजींची लेखणी, पोते पाठीवर घेताना वाकलेला हमाल. मात्र माणसांच्या बाबतीतही एक नेम आहे. आधी विचारावयाचे, आणि घेतलेल्या छायाचित्राची प्रत त्याला द्यावयाची. आमच्या एका वृद्ध हमालाने मला सांगितले, की लग्नानंतरचे त्याचे ते पहिलेच छायाचित्र होते. तीस वर्षे तो आमची पोती उचलीत होता.

आणखी एक व्यापारी सूचना करतो. प्रत्येक छायाचित्राची तिथी, स्थळ आणि नाव लिहून ठेवावे. आपल्या मोबाइलमध्ये आज हजारो छायाचित्रे असतात. पन्नास वर्षांनी त्यांतील कोण कोण होते, हे सांगणारे कोणी उरणार नाही. माझ्या वडिलांच्या वहीमुळे मला त्या झोपलेल्या हमालाचे नाव कळले आणि त्याच्या नातवाला ते छायाचित्र देता आले. महत्त्वाची छायाचित्रे छापून घ्यावीत आणि प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. एकाच पेटीत सारे भांडवल कोणताही शहाणा व्यापारी ठेवीत नाही.

गेल्या पर्युषणापूर्वीच्या एका सकाळी मी बाहेर गेलो नाही. आई खिडकीपाशी बसून तूर निवडीत होती. खिडकीतून तिरपे ऊन सुपावर पडले होते. डाळीत एक भुंगेरा निघाला. तिने सवयीप्रमाणे कागदाचा कपटा त्याच्यापुढे धरला, तो त्यावर चढेपर्यंत वाट पाहिली आणि मग खिडकीतल्या कुंडीच्या सावलीत त्याला सोडले. हे तिने माझ्या देखत हजारो वेळा केले असेल. मी त्या दिवशी ते पहिल्यांदा पाहिले आणि टिपले. छायाचित्रात तिचा चेहरा नाही. सुरकुतलेली दोन बोटे, कपटा आणि त्यावरचा तो तिळाएवढा जीव, एवढेच आहे.

ते छापून मी वडिलांच्या वहीत चिकटविले. आईने चष्मा लावून बराच वेळ ते न्याहाळले आणि विचारले, “खाली काय लिहिणार?” मी तिथी लिहिली, स्थळ लिहिले आणि वर्णनाचा रकाना तिच्यापुढे केला. तिने स्वतःच्या हाताने लिहिले, ‘तूर निवडताना.’